पर्यटक नसलेले पाहुणे

नवी मुंबईत फिरायला म्हणून मुक्कामी येणारा माणूस विरळा. फ्लेमिंगो बघणारे पहाटे कॅमेरे घेऊन सीवूड्सच्या पाणथळीवर उभे राहतात आणि नाश्त्याला आपापल्या घरी परततात. पांडवकड्याच्या धबधब्यावर ऐन पावसाळ्यात पोलिसांची बंदी असते. तरीही नेरुळ, बेलापूर, खारघरच्या स्टेशनांवर रोज कुणी ना कुणी बॅगा घेऊन उतरतं आणि रिक्षावाल्याला सेक्टरचा नंबर विचारतं. कुणाच्या हातात टाटा रुग्णालयाची फाइल असते, कुणाला शिपिंग कंपनीत मुलाखतीला जायचं असतं, कुणी मुलीला निफ्ट या फॅशन संस्थेच्या वसतिगृहात सोडायला आलेलं असतं, तर कुणाकडे डी. वाय. पाटील स्टेडियमचं तिकीट असतं. यातल्या कुणालाही समुद्र दिसणारी खिडकी नको असते. त्यांना हवं असतं स्वच्छ बाथरूम, चहा करायला गॅस आणि 'कुठे, कधी, कसं जायचं' हे सांगणारं माणूस.

आमच्या नेरुळच्या फ्लॅटमधली मुलीची खोली ती पुण्याला गेल्यावर रिकामी झाली. तेव्हापासून ती खोली मी अशा पाहुण्यांना देते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. घरातली खोली भाड्याने देणं आणि अख्खं घर भाड्याने देणं हे दोन वेगवेगळे धंदे आहेत. पहिल्यात मालक घरात असतो, दुसऱ्यात नसतो. बुकिंगच्या अ‍ॅपवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, सोसायटी दोन्हींकडे सारख्याच संशयाने बघते. पाहुण्याला मात्र हा फरक पहिल्याच रात्री कळतो.

आखीव शहरातली राहून गेलेली सोय

पाहुण्याला घरात ठेवून चार पैसे मिळवणं महाराष्ट्राला नवं नाही. आषाढीला पंढरपुरात घरोघरी वारकरी उतरतात. त्र्यंबकेश्वरात विधीसाठी आलेल्या यजमानांची सोय पुरोहितांच्या घरी होत आली आहे. दिवेआगर, गुहागर, हरिहरेश्वरच्या रस्त्यांवर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' ही पाटी इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यामागे एक अख्खा व्यवसाय उभा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने त्यातल्या अनेक घरांना सरकारी शिक्काही दिला.

जुन्या मुंबईने आजारी पाहुण्याचा विचार आधीच केला होता. परळला १९४१ साली टाटा रुग्णालय सुरू झालं. पुढे दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे बाहेरगावच्या रुग्णांचे हक्काचे आसरे बनले. नवी मुंबईचं तसं नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. खाडीपलीकडचं हे शहर सेक्टरनिहाय आखलं गेलं. शाळा, बाजार, मैदान, स्टेशन यांच्या जागा ठरल्या. कंपन्यांच्या साहेबांसाठी वाशी-तुर्भ्यात हॉटेलंही आली. चार दिवसांच्या कामाला आलेल्या मध्यम ऐपतीच्या माणसाची सोय मात्र शहर वाढेल तशी आपोआप लागत गेली, आणि ती लावली इथल्या घरांनी.

उपचारांचं कॅलेंडर

सर्वांत जास्त काळ राहणारे पाहुणे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे. बिहार, झारखंड, बंगाल, आसाम इथून लोक उपचारासाठी येतात. रुग्ण, सोबतीला एक माणूस आणि एक मोठी पिशवी.

त्यांची पहिली अडचण राहण्याच्या तारखांची असते. बुकिंग करताना अ‍ॅप विचारतं, 'कधी निघणार?' याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, डॉक्टरांकडेही पक्कं नसतं. किरणोपचार साधारणपणे सोमवार ते शुक्रवार चालतात आणि पुष्कळदा पाच-सहा आठवडे लांबतात. केमोथेरपीच्या आदल्या दिवशी रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, तर तो डोस पुढे ढकलला जातो. एक डोस हलला की परतीचं रेल्वे तिकीट, गावाकडची रजा, शेतीची कामं, सगळंच हलतं. म्हणून अशा पाहुण्यांसाठी मी रोजच्या भावाने हिशेब ठेवत नाही. आठवड्याचा भाव ठरवते आणि निघायची तारीख मोकळी सोडते. मधल्या काळात दुसरं बुकिंग घेता येत नाही, पैसे थोडे बुडतात. पण उपचारांच्या मधोमध बॅगा बांधायला लावणं हे माणसाचं काम नव्हे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. केमोनंतर रोगप्रतिकारशक्ती घटते आणि साधा संसर्गही महागात पडू शकतो. त्यामुळे बाथरूम वेगळं हवं, पाणी उकळलेलं हवं, कापून ठेवलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर नको. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर ते आधीच सांगून टाकायचं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं, असं डॉक्टर बजावून सांगतात. म्हणून थर्मामीटर पाहुण्यांच्या खोलीतच ठेवलेला असतो आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची, आणि सोसायटीत खटके उडतात ते इथेच. सिलचरहून आलेल्या एका बाईंना नवऱ्यासाठी रोज माशांचा पातळ झोल करायचा होता. मासे त्यांना नेरुळच्या बाजारात आगरी-कोळी बायकांकडे मिळाले. त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण ताजा मासा कल्ल्यावरून ओळखायचा असतो यावर त्यांचं तात्काळ एकमत झालं. वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली. मी वर गेले आणि खाली कोण राहतंय, का राहतंय हे सांगितलं. त्यानंतर तक्रार आली नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्याच घरातून मऊ भाताचा डबा आला. मालक घरात नसता तर ही बोलणी कुणी केली असती? गेटवरच्या रजिस्टरमध्ये शेरा पडला असता, ग्रुपवर मेसेज फिरला असता आणि आठवड्याच्या आत पाहुण्यांना बाहेर काढायची मागणी झाली असती.

जहाजावर जाणारी पोरं

दुसरा मोठा गट तरुण मुलांचा. बेलापूर आणि नेरुळ हा देशातल्या खलाशी भरतीचा मोठा पट्टा आहे हे खुद्द नवी मुंबईतल्या अनेकांना माहीत नसतं. नेरुळजवळच करावे इथे टी. एस. चाणक्य आहे, आता भारतीय सागरी विद्यापीठाचा परिसर. आजूबाजूला सुरक्षेचे छोटे अभ्यासक्रम घेणाऱ्या प्रशिक्षण संस्था आणि भरती करणाऱ्या कंपन्यांची दाटी. बिहार-उत्तर प्रदेशातून, हरियाणातून आणि कोकणातूनही मुलं येतात. कुणी जहाजावर पहिल्यांदा चढण्याआधीचे सुरक्षा कोर्स करायला, कुणी 'ओरल'ची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करायला.

ही पोरं पाहुणे म्हणून सोपी. मॅगी, वायफाय, गरम पाणी एवढ्यावर खूश. पण त्यांच्यावर टपून बसलेले दलालही याच गल्ल्यांत असतात. घरच्यांनी कर्ज काढून दिलेले दोन-तीन लाख कुणा 'एजंट'च्या हातात जातात आणि जहाज काही येत नाही. म्हणून मुलगा खोलीत बॅग टाकतो न टाकतो तोच मी एक प्रश्न विचारते, 'कंपनीचा आरपीएसएल नंबर बघितलास का?' खलाशी भरतीचा हा परवाना केंद्राचं नौवहन महासंचालनालय देतं आणि तो नंबर त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोकरी लावून देण्याचे म्हणून पैसे मागणारा परवानाधारक नियमातच बसत नाही. 'आंटी, आपको कैसे मालूम?' असं विचारणाऱ्या मुलांना मी सांगते की ही माहिती खोलीच्या भाड्यातच धरलेली आहे.

स्टेडियमच्या रात्री

तिसरा प्रकार एका रात्रीच्या पाहुण्यांचा. डी. वाय. पाटील स्टेडियमने २००८ चा पहिला आयपीएल अंतिम सामना पाहिला, २०१७ चा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक पाहिला, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू हा रॉक बँड आला. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले बँडचे कार्यक्रम झाले तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे भाव आकाशाला भिडले, आणि कधी खोली भाड्याने न दिलेल्यांनीही हॉलमध्ये गाद्या टाकून जाहिराती दिल्या.

२ नोव्हेंबर २०२५ च्या महिला विश्वचषक अंतिम सामन्याची गोष्ट आणखी वेगळी. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. अशा रात्री पाहुणा घरी पोचतो तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते, वॉचमन पेंगत असतो आणि गेटच्या अ‍ॅपवर मंजुरी द्यायला कुणीतरी जागं लागतं. कुलपाचा कोड मोबाइलवर पाठवून झोपी गेलेल्या मालकाच्या घरी त्या रात्री काय घडतं, ते इमारतीतल्या शेजाऱ्यांना विचारावं.

नियम कुणासाठी

आता नियमांकडे वळू. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. वर्षानुवर्षे या अर्जाला 'सी-फॉर्म' म्हणत आले आहेत. नातलगाच्या लग्नाला आलेला अमेरिकन पासपोर्टवाला मराठी मुलगाही यात येतो, हे अनेक यजमान विसरतात. भारतीय पाहुण्याचं ओळखपत्र घेणं, त्याची नोंद ठेवणं आणि पोलीस ठाण्याला काय कळवायचं ते आधीच विचारून घेणं शहाणपणाचं. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झाला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या नोंदणी नसलेल्या यजमानाच्या वतीने तो अ‍ॅप कंपनीच भरते. प्राप्तिकर मात्र आपला आपल्यालाच भरायचा असतो.

सोसायटीचं गणित वेगळं. मालकाने स्वतः न राहता घर भाड्याने दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पण मालक घरातच आहे आणि एक खोली पाहुण्याला दिली आहे, याची कल्पना बहुतेक सोसायट्यांच्या ठरावांत नसते. मग एकतर सरसकट बंदी येते, नाहीतर सगळं चोरून चालतं. दोन्ही वाईट. चोरून चालतं तेव्हा ना ओळखपत्राची नोंद होते, ना पाण्याचा हिशेब. नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे धरण आहे म्हणून नेरुळमध्ये पाण्याचं निभावतं. खारघरमध्ये उन्हाळ्यात टँकर लागतात, आणि वरच्या फ्लॅटमध्ये आलेले आठजण दिवसातून दोनदा आंघोळ करतात तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत हा फरक स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे एक ते सहा खोल्यांची मर्यादा आहे आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणं सक्तीचं आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून हाच निकष लावला. तीस दिवसांच्या आतला पाहुणा ठेवायचा तर यजमान घरात हवा, आणि एका वेळी दोनच पाहुणे. बार्सिलोना तर पर्यटक-फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने २०२८ पर्यंत संपवायला निघाली आहे, कारण रिकाम्या करून घेतलेल्या घरांमुळे भाडी वाढली आणि स्थानिकांनाच घर मिळेना. गंमत अशी की एअरबीएनबीचा आरंभ २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला तो दोन मित्रांनी स्वतः राहत असलेल्या घरात हवेच्या गाद्या टाकून. कल्पना मुळात मालक घरात असण्याचीच होती.

नवी मुंबईत हा फरक करण्याचा निर्णय आता लांबवून चालणार नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली, आणि पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. उलवे-पनवेलमध्ये 'गुंतवणुकीसाठी फ्लॅट, रोजच्या भाड्याची हमी' अशा जाहिराती दिसू लागल्या आहेत. त्या फ्लॅटमध्ये मालक कधीच राहणार नाही. पाहुणे येतील आणि जातील, शेजाऱ्याला मात्र भांडायलाही कुणी सापडणार नाही.

म्हणून महापालिकेने आणि सोसायट्यांनी दोन वेगळी दारं ठेवावीत. मालक राहतो त्या घरातल्या एखाद-दुसऱ्या खोलीसाठी साधी नोंदणी, ओळखपत्राची वही, पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा आणि वापरलेल्या पाण्याचं वाजवी शुल्क. रिकाम्या फ्लॅटच्या रोजच्या धंद्यासाठी मात्र लॉजला लागतात ते सगळे परवाने, अग्निसुरक्षेसकट. कुठला अर्ज कुठल्या दारात जायला हवा हे ठरवायला मोठी समिती नको. एकच प्रश्न पुरे आहे: रात्री दोन वाजता पाहुण्याला ताप भरला, तर दार कोण उघडणार?