शंखाचे वेढे कमी, म्हणून कान कायमचा बंद?

भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्याला लागून घर असलं की बाळाच्या ऐकण्याची परीक्षा घरीच उरकते. माग सुरू झाला, बाळ दचकलं, म्हणजे ऐकू येतंय! पण पूर्ण बहिरं मूलही जमिनीची थरथर अंगाला जाणवली की दचकतं. खात्री हवी तर आवाजाला श्रवणाची नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी बेरा तपासणी करावी. ती झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही होते.

बहिरेपण कळलं की मग दोष कुणाचा, याचा शोध. आईनं ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणी मागाच्या खडखडाटात राहिली, वगैरे. त्या खडखडाटानं कामगारांचे कान जातात, हे खरंच. पण आतल्या कानातला शंख (कॉक्लिया) घडतो गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. तो अपुरा राहतो कधी जनुकांमुळे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. ग्रहणाचा तर संबंधच नाही.

सर्वांत घातक गैरसमज सीटी स्कॅननंतरचा: ‘शंखच नीट नाही, मग कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शंखात बसवायचं यंत्र) बसणार कुठं?’ जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी साधारण पाचांतल्या एकाच्या आतल्या कानात हाडाचा असा दोष दिसतो. निरोगी शंखाला अडीचहून किंचित जास्त वेढे असतात. इटलीच्या कार्लो मोंदिनी यांनी १७९१ मध्ये वर्णन केलेल्या मुलाच्या शंखाला दीडच होते. आज अशा कानात इम्प्लांट बसतं आणि पुष्कळ मुलं बोलायलाही शिकतात. शंखाच्या जागी नुसती पोकळी असली तरी प्रयत्न होतो, फक्त फायदा किती होईल ते आधी सांगता येत नाही. शंखच नसेल किंवा श्रवणाची नस नसेल, तर मात्र हा मार्ग खुंटतो. तिथं मेंदूच्या देठावर बसणाऱ्या इम्प्लांटचा विचार होतो. म्हणून सीटीवर थांबू नये. हाड सीटीत दिसतं, नस एमआरआयमध्ये.

अशा कानात चेहऱ्याची नस भलत्याच वाटेनं गेलेली असू शकते, शंख उघडताच मेंदूभोवतीचं पाणी उसळू शकतं. सर्जन हे सांगतात ते घाबरवायला नव्हे. मेंदूज्वराचा धोका असतो, म्हणून न्यूमोकोकलची लस आधीच द्यायची.

‘ऑपरेशन झालं की बोलेल’ हेही खरं नाही. यंत्र सुरू होतं तेच साधारण तीन-चार आठवड्यांनी, आणि पुढं कित्येक वर्षं स्पीच थेरपी.

पैशांसाठी दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे. चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत करता येते. मात्र बोलणं येण्याआधीच बहिरेपण आलेल्या मुलांसाठी या योजनेत वयाची मर्यादा ५ वर्षांची. ‘याचा बापही चौथ्या वर्षीच बोलला’ म्हणत थांबलेल्या घराच्या हाती बेरा, स्कॅन, लस आणि अर्ज या साऱ्यांसाठी जेमतेम वर्ष उरतं.