दातांच्या तारा आणि हिरड्यांचे आरोग्य

निरोगी माणसाच्या तोंडातही जंतूंची वस्ती असतेच. १६८३ साली लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने आपल्या दातांवरील पांढरट थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात असंख्य हालते जीव त्याला आढळले. घासून काढलेला हा थर काही तासांतच पुन्हा धरू लागतो. म्हणून जंतू आहेत की नाहीत हा प्रश्न गौण होय. ते एका जागी किती काळ निर्वेध राहतात, याला महत्त्व आहे. १९६५ साली हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी व्यक्तींचे दात घासणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या.

दात सरळ करणाऱ्या तारा नेमके हे घासणेच अवघड करतात. बंगळूरच्या बसवनगुडी भागात कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तारा बसविलेल्या मुलाने तेथे शेंगा व गूळ खाल्ला, तर दाण्यांचा चुरा आणि गुळाचा चिकटा तारेच्या सांदीत अडकून राहतो. जंतू त्या साखरेचे आम्ल बनवितात व दातांवर पांढरे डाग पडतात. हिरडीच्या कडेला थर साचत गेला, की तिच्याखाली प्राणवायूविना वाढणारे जंतू बळावतात. हिरडी फुगते, ब्रश लागताच रक्त येते.

‘अलाइनर’ नावाचे पारदर्शक साचे जेवताना काढता येतात. दात नेहमीसारखे घासता येत असल्याने हिरड्यांची सूज सामान्यतः कमी आढळते. परंतु हे साचे दिवसातून २० ते २२ तास दातांवर असतात. त्याच जत्रेतून परतलेल्या व्यक्तीने दात न घासता साचा चढविला, तर गुळाचा अंश आत कोंडला जातो आणि आम्ल सौम्य करणारी लाळ तेथे नीट पोहोचत नाही. साचा न घासल्यास त्याच्यावरही जंतूंचा थर धरतो.

यावरून उपकरणाच्या निवडीइतकीच रोजची स्वच्छता निर्णायक ठरते, हे ध्यानात येईल. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. ते अधिक काळजीपूर्वक करावे व दंतवैद्यास दाखवावे. निव्वळ सूज बहुधा ओसरते. पण पायोरियाने झिजलेले हाड सहसा पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून ज्यांना तो विकार आहे, त्यांनी आधी हिरड्यांवर उपचार करावेत आणि मगच दात हलविण्यास आरंभ करावा.