केनेडींचे आवाहन आणि जामबागची शाळा

२० जानेवारी १९६१ रोजी जॉन एफ. केनेडी यांनी अमेरिकेचे ३५वे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्या प्रसंगी त्यांनी केलेले भाषण जेमतेम चौदा मिनिटांचे होते. परंतु त्याच्या अखेरीस आलेले एक आवाहन जगभर गाजले. देश आपल्यासाठी काय करील हे न विचारता आपण देशासाठी काय करू शकतो, हे नागरिकांनी स्वतःला विचारावे, असा त्याचा आशय होता.

हा विचार सर्वस्वी नवा नव्हता. अमेरिकेतील विधिज्ञ ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८४ मधील एका भाषणात जवळपास हाच भाव व्यक्त केला होता. केनेडींच्या शब्दांना वजन आले ते पाठोपाठ झालेल्या कृतीमुळे. १ मार्च १९६१ रोजी त्यांनी ‘पीस कोअर’ची स्थापना केली आणि अमेरिकी तरुण शिक्षण, शेती व आरोग्याच्या कामासाठी परदेशी जाऊ लागले. भारतातही असे स्वयंसेवक आले.

मात्र केनेडींच्या श्रोत्यांपाशी मतदानाचा हक्क होता, स्वतंत्र वृत्तपत्रे होती, सभा भरविण्याची मोकळीक होती. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नाही, त्यांच्या लेखी नागरिकाचे कर्तव्य म्हणजे काय? या प्रश्नाचे एक उत्तर हैदराबादच्या जामबाग भागातील विवेक वर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेच्या इतिहासात सापडते.

ही संस्था १९०७ साली स्थापन झाली. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य होती. कारभाराची भाषा मात्र उर्दू होती. पुढे १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले. जनतेला जबाबदार असे सरकार नव्हते. अशा राज्यात मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावे म्हणून सरकारच्या कृपेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. वकिलीत नाव कमावलेले आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर, तसेच वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी हे काम आपल्या शिरावर घेतले. कोणत्याही राज्यकर्त्याने त्यांना कर्तव्याची हाक दिली नव्हती. १९३२ साली कोरटकरांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये हैदराबादेत केशव मेमोरियल ही आणखी एक शाळा उभी राहिली.

तथापि या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेक वर्धिनीच्या वास्तूत महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. आलमपल्ली वेंकटरामराव हे तेलुगूतून बोलू लागताच श्रोत्यांपैकी काहींनी त्यांची हुर्यो उडविली. आपल्या भाषेसाठी एवढे कष्ट घेणाऱ्या मराठी समाजाच्या सभेत शेजाऱ्याच्या भाषेचा असा अवमान व्हावा, ही खेदाची बाब होती. दुखावलेल्या तेलुगू कार्यकर्त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने तेलंगणात वाचनालयांची चळवळ फोफावली. स्वतः संस्था उभारण्याचा मार्ग त्यांनीही पत्करला. आपल्या समाजापुरते पाहिलेले कर्तव्य अपुरे असते, हे त्या सभेने दाखवून दिले.

गोमंतकीयांना हा अनुभव परका नाही. पोर्तुगीज अमलात १९०८ साली पणजीत स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच घरोघरच्या मूठभर तांदळाची आठवण आहे. केनेडींनी त्याच भाषणात जगातील नागरिकांनाही मानवी स्वातंत्र्यासाठी एकत्र काम करण्याचे आवाहन केले होते. तेव्हा गोवा पारतंत्र्यात होता. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला, त्यास केनेडींच्या अमेरिकेने पाठिंबा दिला. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

भारतीय राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला तो १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत नागरिकांचे अनेक हक्क स्थगित असताना. म्हणूनच सत्तेकडून कर्तव्याची हाक येते तेव्हा ती देणाऱ्याने स्वतः काय केले, हे पाहण्याचा अधिकार नागरिकाला आहे. पण त्या हिशेबासाठी आपल्या गावची शाळा किंवा वाचनालय थांबून राहू शकत नाही. जामबागेतील मंडळी थांबली नाहीत, म्हणूनच हैदराबादमधील मराठी मुलांच्या पिढ्या आपल्या भाषेत शिकू शकल्या.