नऊ लिटरची टाकी आणि ग्लासगोचा रस्ता

जानेवारीतल्या एका रात्री इशाच्या नमाजनंतर ग्लासगोहून फोन आला. मामूंचा इंतकाल झाला होता. अम्मींचे ते धाकटे भाऊ. जनाजा दुसऱ्या दिवशी जोहरनंतर. आमच्या बर्मिंगहॅमहून ग्लासगो सुमारे ४६५ किलोमीटर, म्हणजे साध्या मोटारीने पाच-सव्वापाच तास. फजर पढून पावणेसातला निघालो तर बारापर्यंत पोहोचू, असा हिशेब करून आम्ही झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

आम्ही पोहोचलो सव्वादोनला. जनाजाची नमाज होऊन गेली होती. थेट कबरस्तानात गेलो आणि माती देण्यापुरते हाती लागलो. अम्मींना भावाचा चेहरा पाहता आला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण वाटेत एकदा विचारलं होतं, "बेटा, ही एवढीच चालते का?"

चूक गाडीची नव्हती. ती गाडी काय आहे हे आम्हीच नीट समजून घेतलं नव्हतं. परदेशात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत आता अशा जुन्या विजेच्या गाड्या येऊ लागल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आमची गाडी बीएमडब्ल्यूची आय-थ्री, २०१७ची, सेकंडहँड घेतलेली. तिच्यात वीज आणि पेट्रोल दोन्ही आहे, पण नेहमीच्या हायब्रीडसारखं नाही. चाकं फिरवते ती फक्त विजेची मोटर. मागे डिकीखाली ६४७ सीसीचं छोटं इंजिन आहे, मूळचं याच कंपनीच्या मोठ्या स्कूटरचं. त्याचा चाकांशी काही संबंध नाही. ते फक्त वीज तयार करतं. लग्नाच्या मांडवामागे जनरेटर ठेवतात ना, तसंच. आता मांडवातले दिवे त्याच्यावर चालतील, पण दिवे, पंखे, लाउडस्पीकर आणि आइस्क्रीमचा फ्रीझर सगळं एकदम लावलं तर? इथेही तेच. मोटरची ताकद १२५ किलोवॅट आणि इंजिनाची २८. सपाट रस्त्यावर मोटारवेची ११२ किलोमीटरची वेगमर्यादा गाठून चालायला जेमतेम २० किलोवॅट लागतात, म्हणून इंजिन पुरतं. चढ आला किंवा समोरून वारा सुटला की पुरत नाही. कमी पडेल ते बॅटरीतून घेतलं जातं. आणि बॅटरीतच काही नसेल तर गाडीचा वेग पडतो.

बॅटरी ३३ युनिटची, त्यातली वापरायला मिळते साधारण २७. उन्हाळ्यात मोटारवेवर १६० किलोमीटर निघतात. थंडीत हीटर लावला की १३० म्हणजे पुष्कळ. पेट्रोलची टाकी अवघी नऊ लिटरची, त्यात अजून १२० किलोमीटर.

जानेवारीत आम्ही काय केलं, तर काहीच केलं नाही. आपोआप चालू द्यायचं ठरवलं. चार्ज ६ टक्क्यांच्या आसपास आला की इंजिन स्वतःच सुरू होतं, मग आपण कशाला हात लावायचा? लँकेशायरमधल्या एका सर्व्हिसेसला पोहोचलो तेव्हा बॅटरी तळाला आणि टाकी निम्मी होती. तिथल्या दोन चार्जरपैकी एक बंद, दुसऱ्यावर आधीच कोणी तरी लावलेलं आणि त्यामागे अजून एक गाडी. ५५ मिनिटं थांबलो. शेवटी वैतागून नुसतं पेट्रोल भरलं आणि निघालो. पुढे शॅपचा चढ. एम-सिक्स मोटारवे तिथे ३०० मीटरच्या वर चढते. बॅटरी रिकामी, मांडवातला जनरेटर एकटा, गाडीत चार माणसं, वर हीटर. वेग उतरत उतरत ६५वर आला. लॉऱ्या आम्हाला ओलांडून जात होत्या आणि मुलगी मागच्या काचेतून त्यांचे दिवे मोजत होती. पुढे स्कॉटलंडमध्ये बीटॉकचा चढ बाकी होता. तो असाच चढायची हिंमत झाली नाही, म्हणून अलीकडे चार्जर मिळाला तिथे ४० मिनिटं घालवली.

परतल्यावर आम्ही गाडीचं पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचलं. (गाडी घेऊन आठ महिने झाले होते.) त्यात उत्तर होतंच. चार्ज ७५ टक्क्यांच्या खाली आला की स्क्रीनवरच्या एका सोयीने इंजिन आपल्या मर्जीने सुरू करता येतं. मग ते बॅटरी आहे त्या पातळीवर धरून ठेवायचा प्रयत्न करतं. ही सोय ब्रिटन आणि युरोपातल्या गाड्यांना आहे. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत कॅलिफोर्नियाच्या नियमांपायी ती बंद ठेवली होती आणि तिथल्या लोकांनी चढावर वेग पडण्याच्या भरपूर तक्रारी केल्या.

अम्मींना हे समजावताना त्या म्हणाल्या, "म्हणजे पोलादपूरला पाणी घालायचं." त्यांचं माहेर खेडचं. लहानपणी मुंबईहून गावी जाताना कशेडी घाटाआधी पोलादपूरला गाडी थांबायची, ड्रायव्हर इंजिनात पाणी बघायचा, घालायचा आणि मगच घाटाला लागायचा. घाटात अडकल्यावर पाणी शोधत फिरत नसे. इतक्या कमी शब्दांत गाडीच्या पुस्तकानेही सांगितलेलं नाही.

मेच्या अखेरीस मामींची इद्दत पूर्ण झाली. त्यांना काही दिवस आमच्याकडे आणायचं ठरलं, आणि त्या प्रवासाची आखणी आम्ही कागदावर केली.

आधी माणसं. गाडी चारच जणांची, म्हणून मुलीला खालाकडे ठेवलं. मागची दारं पुढची उघडल्याशिवाय उघडत नाहीत, तेव्हा येताना मामींना पुढे बसवायचं, म्हणजे त्यांना प्रत्येक थांब्यावर कोणाची वाट बघावी लागणार नाही. डिकी लहान. मामींना आधीच सांगितलं, एक मोठी बॅग न आणता दोन मऊ पिशव्या आणा.

मग रस्ता. थांबे आम्ही चार्जर बघून ठरवले नाहीत. चढ आणि नमाज बघून ठरवले. सकाळी साडेदहाला पूर्ण चार्ज, भरलेली टाकी आणि तपासलेली हवा घेऊन निघालो. पहिले ९५ किलोमीटर नुसत्या विजेवर. चार्ज ४० टक्क्यांवर आला तसं इंजिन लावलं. चेशायरचा तो भाग सपाट, तिथे ते निवांत काम करतं. लँकेस्टरच्या सर्व्हिसेसला एकच्या सुमारास पोहोचलो तेव्हा बॅटरी चाळिशीलाच होती. मुद्दा हा, की इथला चार्जर बंद असता तरी पेट्रोल भरून पुढे जाता आलं असतं. चार्जरवर अवलंबून असणं आणि चार्जर मिळाला तर बरं असणं, यात फार फरक आहे.

चार्जर मिळाला. गाडी लावून अम्मींना खायला दिलं. त्यांना साखरेचा त्रास आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. जोहरची वेळ झाल्यावर पार्किंगच्या कडेच्या हिरवळीवर जानमाज अंथरली. आम्ही शाफई, मुसाफिर म्हणून जोहर आणि असर कसर करून एकत्र पढलो. हनफी घरांनी असरसाठी पुढचा एक थांबा धरावा, तो पेट्रोलच्या थांब्याला जोडता येतो. नमाज आणि डबा आटोपेपर्यंत बॅटरी ८० टक्के झाली होती. त्यापुढे चार्जिंग मंदावतं, थांबून फायदा नाही.

शॅपच्या बऱ्याच आधी, ७५ टक्क्यांना, इंजिन सुरू केलं. चढावर चार्ज साठीच्या घरात उतरला, पण वेग हलला नाही. उतारावर थोडा परत मिळाला. ग्रेटनाला नऊ लिटर पुन्हा भरले. टाकीचं झाकण उघडायला आधी आतून बटण दाबून थोडं थांबावं लागतं, नाही तर पंपावर मागचे लोक हॉर्न वाजवतात. बीटॉकलाही तसंच, चढाआधी इंजिन. संध्याकाळी साडेपाचला ग्लासगो. एक चार्ज, दोनदा पेट्रोल.

मामींच्या घरी साध्या प्लगवर रात्रभर गाडी लावली. पाहुण्याने हे विचारल्याशिवाय करू नये. पूर्ण चार्जला बारा तास लागतात आणि २७-२८ युनिट बिल यजमानाच्या माथी पडतं. मामींनी पैसे घेतले नाहीत, पण विचारलं होतं. एक्स्टेंशन वायर वापरलीच तर रिळावरून पूर्ण सोडून घ्यावी, गुंडाळलेली तापते.

आता कोणी विचारेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसरी गाडी का नको? दर आठवड्याला लांब जाणाऱ्याला आम्ही हेच सांगू, घेऊ नका. इंजिनावर ती लिटरला तेरा-चौदाचंच ॲव्हरेज देते. पण आमचं रोजचं येणं-जाणं ४० किलोमीटरचं, ते सगळं घरच्या विजेवर होतं. पेट्रोल महिनोन्महिने लागत नाही. इतकं, की इंजिन गंजू नये म्हणून गाडीच अधूनमधून ते थोडा वेळ चालवून घेते. लांबचा प्रवास वर्षातून चार-पाचदा.

येताना मामी पुढे बसल्या होत्या. बीटॉकच्या अलीकडे इंजिनाची घरघर सुरू झाली तशा त्या दचकल्या. "काय झालं?"

मागून अम्मी म्हणाल्या, "काही नाही. पोलादपूर आलं."