पहिल्या आकड्याची ओढ

मुखपृष्ठ करणाऱ्या स्वतंत्र चित्रकाराला 'दोन हजारांत होईल ना?' असे आधीच विचारले गेले, की पाच हजारांचे काम बहुधा तीन हजारांच्या आसपास ठरते. याचे कारण 'अँकरिंग', म्हणजे पहिला आकडा मनात नांगरासारखा रुतणे आणि पुढचा अंदाज त्यापासून पुरेसा दूर न सरकणे. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर हा आकडा फिरत्या चक्रावर आलेला, निव्वळ निरर्थक होता. तरीही संयुक्त राष्ट्रांतील आफ्रिकी देशांचे प्रमाण सांगताना १० पाहिलेल्यांचे मध्यक उत्तर २५ टक्के, तर ६५ पाहिलेल्यांचे ४५ टक्के आले. म्हणूनच श्रम, साहित्य, कर आणि बिनकामाचे दिवस धरून काढलेला दर कलावंताने स्वतःच आधी सांगावा, आणि तरीही कमी रक्कम पुढे आलीच, तर दर न उतरवता दुरुस्तीच्या फेऱ्या कमी कराव्यात.