ट्रॅक्टर उभा, ओंडका चालता

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर चढणारा सागाचा ओंडका तिथवर ट्रकने आलेला असतो. पण त्याच्या प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा ट्रकच्या आधीचा, जिथे झाड पडलं तिथून गाडीरस्त्यापर्यंतचा. शे-दोनशे मीटरच, पण वाटेत खुंट, दगड आणि नाल्याचा उतार. गडचिरोलीच्या जंगलात हे काम हत्तींनी केलं. कमलापूरचे हत्ती आज बघायला लोक जातात, त्यांच्या कळपाचं मूळ काम लाकूड ओढण्याचं होतं. रामटेक, पारशिवनीकडे धुऱ्यावर साग असलेल्या शेतकऱ्याकडे आता ट्रॅक्टर असतो. त्यामुळे पहिला गैरसमज तिथेच सुरू होतो: ट्रॅक्टर आहे, साखळी आहे, टोचन लावू आणि ओढू, ट्रॅक्टरमागे बसवायचा, दोराने ओढणारा विंच कशाला?

यातच माणसं जातात, म्हणून यावर जरा थांबतो. साखळी बहुतेक वेळा हाताला सोपी पडेल तिथे अडकवली जाते: टॉपलिंकच्या जागी, नाहीतर मागच्या धुरीभोवती. ओंडका खुंटाला अडला की मागची चाकं फिरायची थांबतात, इंजिनाचा जोर मात्र थांबत नाही. चाक फिरत नसेल तर तो जोर ट्रॅक्टरलाच धुरीभोवती फिरवतो आणि तोंड वर उचललं जातं. साखळी जितकी उंच, तितका हा पलटा सोपा. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर यायला दीड सेकंदही पुरतो. तेवढ्यात क्लच दाबू, हा विश्वास खोटा आहे. धोका ध्यानात येऊन पाय हलेपर्यंत परतीची वेळ टळलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकटही नसते. ओढायचंच असेल तर खालच्या ड्रॉबारला, दुसरीकडे कुठेही नाही. तिथून ओढताना तोंड उचललं तरी ड्रॉबार खाली जातो आणि पलट्याचा जोर कमी होत जातो.

विंच हा प्रकारच उलटा करतो. ट्रॅक्टर उभा राहतो आणि ओंडका त्याच्याकडे येतो. विंचचं खालचं पातं जमिनीत रोवलेलं असतं, पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या शाफ्टवर, विंचची ढोली फिरते आणि तिच्यावर वायर रोप गुंडाळली जाते. ट्रॅक्टर तेवढा ओंडक्याच्या रेषेत सरळ उभा करायचा. फार तिरकं ओढलं तर तो आडवा पडतो.

‘वजन मला माहीत आहे’, हाही एक भ्रम. आपल्याकडे गोल लाकडाचं घनफळ घेराचा चौथा भाग धरून काढतात. १२० सेंटिमीटर घेराचा, ४ मीटर लांबीचा ओंडका घ्या. चौथा भाग ३० सेंटिमीटर, म्हणून माप ०.३६ घनमीटर. पण गोलाचं खरं घनफळ भरतं ०.४६ च्या आसपास. व्यवहारासाठी हे माप ठीक आहे, वजनासाठी नाही. त्यात ओला साग जवळजवळ पाण्याइतका जड असतो. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती खाच पाडून झाड दोन-तीन वर्षं उभं वाळवत, कारण ओला ओंडका नदीत तरंगत नसे. वाळक्या सागाचे घनमीटरला साडेसहाशे किलो धरून कागदावर २३५ किलोचा वाटणारा हा ओंडका प्रत्यक्षात साडेचारशेच्या घरात जातो. खुंटाला अडला तर दोरावर येणारा ताण याच्याही कितीतरी पुढे.

जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त ओढ, असंही नाही. विंचवर ५ टन लिहिलं असेल तर तो आकडा बहुधा रिकाम्या ढोलीचा असतो. दोराचे थर चढले, ढोलीची जाडी दुप्पट झाली, की ओढ निम्मी होते आणि दोर येण्याचा वेग दुप्पट. म्हणजे ओंडका जवळ येता येता विंच दुबळा होतो.

कप्पीबद्दल तर शिकलेली माणसंही चुकतात. झाडाला बांधलेली कप्पी दोराची फक्त दिशा बदलते, ताकद वाढवत नाही. ताकद दुप्पट करते ती ओंडक्याला बांधलेली कप्पी, दोराचं टोक परत ट्रॅक्टरकडे आणून अडकवलं तर. झाडावरच्या कप्पीतून दोर पूर्ण मागे वळला की त्या झाडावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळला तरी सुमारे १.४ पट. म्हणून आधाराचं झाड जाडजूड, जिवंत मुळांचं हवं. आणि दोर वळून जो कोन होतो, त्याच्या आतल्या बाजूला कुणीही उभं राहू नये. कप्पी सुटली तर दोर तिकडेच झेपावतो.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. विदर्भात उन्हात खांद्यावर दुपट्टा असतोच. त्याचं टोक उघड्या शाफ्टला लागलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टचं प्लास्टिकचं कवच तुटलं असेल तर आधी ते बसवा, मग काम.

यंत्राने जंगलाची नासधूस होते, हा आक्षेप सरसकट खरा नाही. काळ्या मातीत ट्रॅक्टर प्रत्येक ओंडक्यापर्यंत नेला तर चाकांखाली माती दबते, रोपं चिरडतात. तो मुरमाच्या वाटेवर उभा ठेवून दोराने ओढलं तर जमिनीवर एक चरा राहतो. ओंडक्याचं पुढचं टोक वर उचललेलं असेल तर तोही उथळ.

राहिला कायद्याचा मुद्दा: धुऱ्यावरचा साग आपला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे तोडीला परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना.

काम संपलं की बरेच जण सैल दोर ढोलीवर भराभर गुंडाळतात. त्याऐवजी टोकाला एखादा हलका ओंडका अडकवून, ताण ठेवून, वेढ्याला वेढा लावत दोर भरावा. सैल वेढ्यांवर दुसऱ्या दिवशी भार आला की वरचा दोर त्यांच्यात रुततो, दबून चपटा होतो आणि मग एक-एक तार तुटू लागते.