बर्फ टाकायचा कुठे?

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,770 मीटर उंचीवर ट्रकी नावाचं गाव आहे. जवळच्या डॉनर खिंडीपाशी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची हिम प्रयोगशाळा आहे. 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे 754 इंच, म्हणजे 19 मीटरहून अधिक बर्फ पडला. अशा मुलखात घरांसमोरच्या गाडीवाटा, म्हणजे ड्राइव्हवे, मोकळे करणं हा रीतसर धंदाच असतो. बर्फ उचलून दूर फेकणारा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा वादळाचा दिवस साधारण असा जातो.

पहाटे 2.30

उठल्याबरोबर अंगणातल्या मोजपट्टीकडे नजर. करारात बहुधा ठरलेलं असतं की तीन-चार इंच बर्फ साचला की यायचं. काही घरं हंगामाचे ठोक पैसे देतात, काही फेरीमागे. ठोक करारात कोरडा हिवाळा ट्रॅक्टरवाल्याला पावतो आणि भरघोस हिवाळा घरमालकाला. मग राष्ट्रीय हवामान सेवेच्या रीनो कार्यालयाचा अंदाज वाचायचा. वादळ दुपारपर्यंत टिकणार असेल तर एका फेरीत भागणार नाही. ट्रॅक्टरचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरवर ठेवलेलं असतं, नाहीतर या थंडीत डिझेल इंजिन कुरकुरत बसतं.

पहाटे 3.15

पहिलं घर. अंधार, चढ आणि सगळीकडे एकसारखा पांढरा रंग. ड्राइव्हवे कुठे संपतो हे सांगतात ते दोन्ही कडांना रोवलेले, चमकत्या पट्टीचे उंच दांडे. जमीन गोठण्याआधीच ते ठोकून ठेवावे लागतात. दांडे नसतील तर ब्लोअर थेट दगडी बांधावर जातो.

हिशेब करून पाहा. 20 मीटर लांब, 5 मीटर रुंद ड्राइव्हवेवर 30 सेंटिमीटर बर्फ म्हणजे 30 घनमीटर. पॅसिफिकवरून येणारी वादळं ओलसर असतात, त्यामुळे ताज्या बर्फाचंही वजन घनमीटरला 100 ते 150 किलो भरतं. म्हणजे एका घरामागे तीन ते साडेचार टन माल हलवायचा. इथले लोक या जड बर्फाला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात.

हलवायचा म्हणजे नेमका कुठे, यात खरी कारागिरी आहे. रस्त्यावर ढकलायला मनाई. शेजाऱ्याच्या हद्दीत टाकला की भांडण. खिडकी, गॅसचा मीटर, प्रोपेनची टाकी यांच्यावर टाकला तर धोका. वारा समोरून असेल तर फेकलेलं सगळं आपल्याच काचेवर. शिवाय कडेचे ढीग दर वादळागणिक वाढत जातात. डिसेंबरमध्ये आळस करून बर्फ जवळच टाकला, की फेब्रुवारीत ढिगांमधून वाट काढायलाही जागा उरत नाही. म्हणून जाणता चालक पहिल्या वादळापासून बर्फ लांब फेकतो.

पहाटे 5.00

खाडकन आवाज, आणि ब्लोअरचं पातं थांबतं. बर्फाखाली जळणाचा ओंडका होता. अशा वेळी शिअर पिन तुटते. ती तुटावी म्हणूनच बसवलेली असते. दोन-चार रुपयांचा फ्यूज उडून घरातलं उपकरण वाचावं तसा तिच्यामुळे महागडा गिअरबॉक्स वाचतो. सुट्या पिना प्रत्येकाच्या खिशात असतात. अडकलेला बर्फ मात्र इंजिन बंद करून, काठीनेच काढायचा. लहान ब्लोअरमध्ये तर इंजिन बंद झाल्यावरही पट्ट्यातला ताण शिल्लक राहून पातं अचानक फिरू शकतं.

सकाळी 7.00

गावाचा प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारी गाडी, मोठा रस्ता साफ करत जातो आणि प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकतो. त्याला इथे ‘बर्म’ म्हणतात. तो काढणं घरमालकाकडे, म्हणजे शेवटी ट्रॅक्टरवाल्याकडे. हा बर्फ दाबलेला, ढेकळांचा आणि मूळ बर्फाहून कितीतरी जड असतो. फोन खणखणू लागतात: “तुम्ही येऊन गेलात, तरी गाडी बाहेर निघत नाही!” पुन्हा त्याच वाटेने फिरायचं.

सकाळी 10.00

आता सुट्टीसाठी भाड्याने दिलेली घरं. शनिवार-रविवारी किनाऱ्याकडच्या बे एरियातून पर्यटक येतात, त्यांत मराठी कुटुंबंही असतात. रात्री उशिरा पोचून गाडी ड्राइव्हवेच्या मधोमध लावलेली असते. गाडीभोवती ब्लोअर फिरवता येत नाही, आणि घरातले गाढ झोपेत.

दुपारी 1.00

जेवण ट्रॅक्टरमध्येच. तोवर पत्र्याच्या छपरांवरून बर्फ घसरू लागतो. तो दारात पडला की फावड्याशिवाय इलाज नाही. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या धुराचं नळकांडं बुजलेलं दिसलं तर घरमालकाला लगेच कळवायचं, कारण कार्बन मोनॉक्साइड घरात साचून जीव जाऊ शकतो.

दुपारी 4.00

सूर्य डोंगराआड गेला की दुपारी वितळलेलं पाणी गोठून उतारावर काचेसारखा थर धरतं. हातभर बर्फात माणूस रुततो. या पातळ थरावर कंबरडं मोडतं. साधं मीठ उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली फारसं चालत नाही, कॅल्शियम क्लोराइड बऱ्याच अधिक थंडीत चालतं. पण मीठ शेवटी ट्रकी नदीत उतरतं, आणि तीच नदी पुढे नेवाडातल्या रीनो शहराला पाणी पुरवते. म्हणून आधी खरवडणं, मग पायाला पकड मिळावी म्हणून वाळू, आणि मीठ अगदी मोजकं.

संध्याकाळी 6.30

ग्रीस, डिझेल, नव्या पिना, फेऱ्यांची नोंद. पुढचं वादळ रात्रीच येणार असेल तर आठच्या आत झोप.

या भागात हिवाळ्यात घर भाड्याने घेणार असाल तर एवढं करा: गाडी गॅरेजमध्ये किंवा दाराशी अगदी आत लावा, रस्त्यावर ठेवू नका. कडेचे दांडे उपटू नका. ब्लोअर चालू असताना मुलांना घरातच ठेवा. त्याच्या तोंडातून उडालेला दगड कुणाला लागेल, हे चालकाला केबिनमधून दिसत नाही.